ज्या दिवशी मी लख्ख झाले

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. पण मला पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण माझं बरंचसं अंग अजून नव्यासारखं पांढुरकं आहे. म्हातारपणी गोरं होणं माझ्या नशिबी आलं आणि त्याचं मला मुळीच कौतुक नाही. मात्र त्या निमित्ताने मी माणसांचं जे पाहिलं, ते आठवलं की आजही थक्क होते. म्हणून सांगायला बसले आहे.

लोखंडाच्या एका जाड पत्र्यावर हातोडीचे घाव पडत गेले आणि मी आकाराला आले. ते घाव अजून माझ्या पोटावर चाचपता येतात. माझं बूड गोल आहे, त्यामुळे सपाट ओट्यावर ठेवलं की मी डुलत बसते. एका बाजूला लाकडी दांडा आहे. चिनी स्वयंपाकघरात असते तशी मी खोल, हलकी आणि जरा तापट कढई आहे.

मला विकत घ्यायला दोघे जण आले होते. एक तरुण आचारी आणि एक म्हातारे चिनी उस्ताद. तरुण हा एका खाटकाचा मुलगा. त्याला लहानपणापासून चिनी रांधण्याचं वेड. उस्तादांच्या मोठ्या हॉटेलात तो काम शिकला, पण तिथे डुकराचं मांसही शिजायचं, म्हणून तिथला एक घासही त्याने कधी तोंडात घातला नाही. घरून डबा न्यायचा आणि उस्तादांची पाककला वासावरून, रंगावरून, विचारून विचारून शिकायचा. चव न घेता स्वयंपाक शिकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्या वडिलांना मात्र हे सारंच अमान्य होतं. अशा चुलीपाशी आपला मुलगा उभा राहतो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आता त्या मुलाने स्वतःचं छोटंसं हॉटेल काढायचं ठरवलं होतं, सगळं हलाल आणि सगळं चिनी.

मित्रांनो, लोखंडाची नवी कढई तशीच वापरता येत नाही. तिला आधी आगीवर तापवून, चरबी चोळून चोळून काळी करावी लागते. तो काळा थर बसला की अन्न चिकटत नाही आणि त्याला एक खमंग वास येतो. उस्तादांनी आयुष्यभर ही चरबी डुकराचीच वापरली होती. पण माझ्या वेळी त्यांनी बाजारातून तेलाचा बंद डबा आणला. कोपरापर्यंत हात धुतले. डबा त्यांनी स्वतः उघडलासुद्धा नाही.

"तू उघड," ते म्हणाले. "म्हणजे पुढे तुझ्या मनात कधी शंका यायला नको."

मग अख्खी सकाळ ते मला घेऊन आगीपाशी उभे राहिले. मी आधी निळी झाले, मग तपकिरी, मग काळी. आपल्या शिष्याचा घास निर्धास्त राहावा म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाने जन्मभराची सवय बाजूला ठेवली आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. आग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली होती, पण त्या दिवशी मला आगीपेक्षा उस्तादांचंच अप्रूप वाटलं.

नंतरची वर्षं कशी उडाली ते कळलं नाही. भट्टी पेटली की ज्वाळा माझ्या कडांवरून आत डोकावायच्या. आचाऱ्याने मनगटाला झटका दिला की नूडल्स हवेत जायचे आणि सगळेच्या सगळे परत माझ्या पोटात यायचे. आलं घातलेलं बीफ, अंड्याचा भात, कांद्याच्या पातीत परतलेलं चिकन, सारं माझ्यातच व्हायचं. चिनी रांधणारे ज्यात दारू घालतात, त्यात आमचा आचारी आल्याचं पाणी आणि थोडं व्हिनेगर घालायचा. लोक म्हणायचे, इथल्या नूडल्सना काही वेगळाच वास आहे. तो वास माझा होता. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते, पण मनातून फुगायचे. रोज काम आटोपलं की आचारी मला फक्त गरम पाण्याने आणि बांबूच्या काड्यांच्या ब्रशने धुवायचा, पुसायचा आणि तेलाचा हात फिरवून ठेवायचा. साबण माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

मांस यायचं ते अब्बांच्या, म्हणजे आचाऱ्याच्या वडिलांच्या दुकानातून. रोज सकाळी आचाऱ्याची थोरली बहीण, आपा, ते घेऊन यायची. मांस यायचं, अब्बा कधी आले नाहीत. आपा आग्रह करायची तेव्हा त्यांचं एकच उत्तर असायचं, "मांस माझ्या हातचं आहे. भांड्याचं मला काय माहीत?" आपा हे भावाला सांगायची आणि आचारी ऐकून घ्यायचा. तो वाद घालणाऱ्यातला नव्हता. फक्त त्या सकाळी तो मला जरा जास्तच जोराने झटके द्यायचा.

मग एक प्रसंग आला. आपाच्या मुलीचं बाळंतपण दूर गावी होतं आणि आपाला काही महिने तिकडे जाणं भाग होतं. अब्बांचं जेवण आपाच करायची. ती गेल्यावर अब्बा जेवणार कुठे? एक तर त्यांनी दुकान बंद करून तिच्याबरोबर जायचं, नाहीतर मुलाच्या हॉटेलात जेवायचं. दुकान सोडायला अब्बा तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले, "एकदा येतो. जेवून बघतो. मग ठरवू."

आचाऱ्याने त्या दिवशी दुपारी हॉटेल बंद ठेवलं. इतक्या वर्षांनी बाप मुलाच्या ताटावर बसणार होता. आचारी ताजी पात आणायला बाजारात गेला आणि मागे आपा टेबलं पुसायला आली. पुसता पुसता ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"या अल्ला," ती स्वतःशीच म्हणाली, "अब्बा आत डोकावले तर विचारतील, हे काळं कशाचं."

मित्रांनो, पुढचं सांगताना अंगावर काटा येतो. तिने सोडा घेतला, साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि बाह्या वर केल्या. मी ओरडू शकत नव्हते. थर काही सहजासहजी निघत नव्हता, पण आपाही हट्टी. तिची बोटं सोलवटली, कपाळावरचा घाम माझ्यात टपटपला, तरी ती थांबेना. मला तिचा राग यायला हवा होता. पण भावाची लाज राखायला एखादी बहीण इतकं झिजते, हे पाहून मला रागावताच येईना. शेवटी मी आरशासारखी चकाकू लागले. आपाने माझ्यात आपला चेहरा पाहिला आणि ती समाधानाने हसली.

आचारी परत आला. मला पाहून तो दारातच थबकला.

"कशी दिसते?" आपाने विचारलं.

त्याची नजर तिच्या बोटांवर गेली.

"छान दिसते, आपा," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेर अब्बांच्या काठीचा आवाज आला. दुसरी मोठी कढई नव्हती. आचाऱ्याने मला आगीवर ठेवलं, तेल फिरवलं, पुन्हा तापवलं, पण कित्येक वर्षांचं काम घटकाभरात होत नाही. नूडल्स टाकले ते मला चिकटून बसले. त्याने खरवडले तसे ते तुटले. भात तळाशी लागला. बीफ करडं पडलं. सगळ्याला लोखंडाचा वास यायला लागला. मी जीव तोडून प्रयत्न करत होते, पण माझ्या अंगात काही उरलंच नव्हतं.

वाढायच्या खिडकीतून मला टेबल दिसत होतं. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. आपा त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. आचारी खांद्यावरच्या फडक्याचं टोक पिळत उभा होता.

"मीठ बरोबर आहे," अब्बा म्हणाले.

एवढंच. याहून वाईट शेरा मी तरी ऐकलेला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लोक रोज हेच खातात?"

आचारी एक वाक्य बोलला असता तर सगळा दोष आपाच्या पदरात पडला असता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो म्हणाला, "आज जमलं नाही, अब्बा."

अब्बांनी मान हलवली. ताटातलं अन्न मात्र त्यांनी टाकलं नाही, शेवटच्या तुटक्या नूडलपर्यंत खाल्लं. आपा रिकामी ताटं घेऊन आत आली, तेव्हा माझ्या तळाशी करपलेला भात तिने पाहिला.

"हे असं का चिकटलं रे?"

"कढई नवी झालीय ना," आचारी हळूच म्हणाला. "होईल बरोबर."

आपाने माझ्याकडे पाहिलं, घासणीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तो अडवायच्या आत ती बाहेर गेली.

"अब्बा, मी बिघडवलं," ती म्हणाली. "मी त्याची कढई घासली. तुम्हाला शंका यायला नको म्हणून घासली. तो माझं नावसुद्धा घेत नव्हता."

अब्बा उठले आणि पहिल्यांदाच मुलाच्या स्वयंपाकघरात आले. वाकून त्यांनी मला नीट पाहिलं. माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. आधी ही कशाने काळी केली होती, असं त्यांनी विचारलं आणि मग आचाऱ्याने उस्तादांची, धुतलेल्या हातांची आणि बंद डब्याची हकीकत सांगितली.

"हे मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, अब्बा."

"कुठे असतात ते?"

"गेले. दोन वर्षं झाली."

अब्बांनी माझ्या कडेवरचा हात काढून घेतला. "मी भेटायला हवं होतं त्यांना," ते म्हणाले. मग आपाकडे वळले. "माझ्या दुकानातल्या लाकडी ठोकळ्याला तू साबण लावला असतास तर मी तुला दुकानाबाहेर काढलं असतं. मीठ लावून पुसतो मी तो. हेही तसंच आहे."

काठी तिथेच विसरून ते बाहेर पडले. आले ते हातात कागदाची पुडी घेऊन. आत त्यांनी स्वतः कापलेल्या मांसाची पांढरी चरबी होती. "लाव," ते मुलाला म्हणाले, "आणि मला दाखव कसं करतात ते." मग बाप आणि मुलगा भट्टीपाशी शेजारी शेजारी उभे राहिले. धुराने दोघांचे डोळे चुरचुरत होते आणि आपा मागे उभी राहून कारण नसताना नाक पुसत होती. चरबी माझ्यावर वितळत गेली आणि माझ्या तळाशी तपकिरी रंगाचा एक ठिपका उमटला. मी एवढी आग पाहिली आहे, पण तेवढी ऊब मला कधी लागली नव्हती.

आचाऱ्याने त्यात थोडा भात परतला. अब्बांनी उभ्या उभ्या खाऊन पाहिला.

"अजून चिकटतोय," ते म्हणाले.

"हो अब्बा. नीट व्हायला पुष्कळ दिवस लागतील. रोज काहीतरी शिजवत राहावं लागतं."

"मग मी रोज येतो," अब्बा म्हणाले.

आणि ते येतात. आपा मुलीकडे जायच्या आधीपासून येतात. दुपारी दुकानाला कुलूप लावतात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसतात आणि जे काही माझ्याकडून निघेल ते जेवतात. कधी भात लागतो, कधी नूडल्स तुटतात. मला शरम वाटते. पण ते ताट पुसून खातात आणि जाताना आत येऊन माझा काळेपणा किती चढला ते बघून जातात.

मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूवर काळा थर दिसला तर घासणी उचलण्याआधी तिच्या मालकाला एकदा विचारा. आणि तुमच्यासाठी कुणी जीव ओतून रांधलं आणि ते बिघडलं, तर दुसऱ्या दिवशीही त्याच्याकडे जेवायला जा.