तिसरा सिलिंडर

चकलांब्याहून निघताना गाडी गुमान चालत होती. वनमालाला वाटलं, आज तरी निभावेल. पण डांबर उखडलेल्या पट्ट्यात दोन-चार हादरे बसले आणि गाडी लंगडायला लागली. बॉनेट थडथडू लागलं, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला. पाय कितीही दाबला तरी गाडी वेग धरेना.

मागच्या सीटवर उशांना टेकून तिचे सासरे आश्रुबा तोंडानं श्वास घेत होते. दोन्ही किडन्या गेल्यापासून बीडच्या दवाखान्यात मशिनवर त्यांचं रक्त साफ करावं लागे. मागची पाळी ह्याच गाडीनं बुडवली होती. अर्ध्या वाटेवरून ट्रॅक्टरला बांधून घरी आणावी लागली. तेव्हापासून अंगात पाणी साठत गेलं. पाय खांबासारखे सुजले. आज सकाळपासून तर त्यांना आडवंही होता येत नव्हतं. "आता एकही पाळी चुकवू नका," डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "पाणी छातीत चढलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

नवरा पुण्याला कंपनीत. लग्नतिथ मोठी, त्यामुळं गावातल्या सगळ्या जीपा वऱ्हाडात गेलेल्या. ॲम्ब्युलन्स अपघाताला गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. वाट बघण्यापेक्षा वनमालानं स्वतःच चावी उचलली होती.

गेवराईच्या अलीकडं पत्र्याचं एक गॅरेज दिसलं तशी तिनं गाडी आत घातली.

"भाई, बघा हो जरा! पेशंट हाय गाडीत."

मैनुद्दीन मिस्त्रीनं मागं डोकावून म्हाताऱ्याकडं बघितलं आणि हातातला पाना न ठेवताच इंजिनाकडं आला. सायलेन्सरजवळ वाकून त्यानं आवाज ऐकला.

"एक सिलिंडर मिस मारायलाय, ताई. चारातले तीनच ओढायलेत."

त्यानं स्कॅनर लावला. तिसरा सिलिंडर.

"प्लग, कॉइल बदलली का?"

"मागच्या आठवड्यातच दोन्ही नवं टाकलंय."

मैनुद्दीनचा नव्यावर भरवसा नव्हता. त्यानं तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कॉइल खराब असेल तर दोष तिच्याबरोबर दुसऱ्यावर जाणार. गाडी चालू केली. दोष तिसऱ्यातच. मग प्लगची अदलाबदल केली. तरी तिसऱ्यातच.

"पेट्रोल सोडणारा इंजेक्टर असंल," तो घाम पुसत म्हणाला. "न्हाईतर..."

"न्हाईतर काय?"

"आतला वाल्व जळाला असंल. मग इंजिन खोलावं लागंल. आज काय व्हायचं न्हाई, ताई."

एवढ्यात मिस्त्रीची बायको हजराबी मागच्या घरातून तांब्याभर पाणी घेऊन आली. तांब्या बघून आश्रुबांचा हात पुढं झाला. वनमालानं धावत जाऊन तो तांब्या काढून घेतला.

"पाणी न्हाई द्यायचं त्यान्ला!"

हजराबी चमकली. मग सुजलेले पाय बघून तिला उमगलं. तिनं ओढणीचं टोक भिजवून म्हाताऱ्याचे ओठ पुसले. ते ओलसर ओठ म्हातारा चाटत राहिला.

"पोरी," आश्रुबा म्हणाले. एका शब्दाला एक श्वास लागत होता. "घराकडं... चल. लई केलंस."

"गप बसा तुमी मामा!" वनमाला ओरडली. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता.

ती तशीच मैनुद्दीनकडं वळली. "वाल्व जळाला असता तर गाडीनं घरापासूनच असं केलं असतं ना, भाई? घरून बरी निघती. खड्ड्यात आदळली की मगच मरती."

मैनुद्दीन थबकला. "आदळल्यावर? ह्ये आधी कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं!"

"बसा गाडीत. चालू ठेवा. मी म्हनेपर्यंत बंद करू नका."

तो इंजिनावर ओणवा झाला आणि वायरींचा जुडगा बोटांनी चाचपत, दाबत निघाला. इंजिन लंगडतच होतं. पुढून काही सापडेना. मग त्यानं इंजिनामागच्या पट्टीखाली हात घातला. तापलेल्या लोखंडाला कोपर टेकलं, तरी हात काढला नाही. मागून हजराबी ओरडली, "जल्दी करो जी, बाबाची मान कलायली!"

वनमालानं स्टिअरिंग गच्च धरलं. मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही.

आणि एकदम इंजिन सुरळीत झालं. मैनुद्दीननं बोट काढलं, पुन्हा थडथड.

"हाय! हिथंच हाय!"

त्यानं ती पट्टी सोडवून वायरींवरची टेप सोलली. आत उंदरानं कुरतडलेली वायर, तांबं हिरवं पडलेलं, एका तारेवर लटकलेली. तिसऱ्या इंजेक्टरला जाणारी. हादरा बसला की ती तार सुटायची आणि त्या सिलिंडरला पेट्रोलच मिळायचं नाही. मैनुद्दीननं सडका तुकडा कापला, नवा जोडला, जोड कथलानं झाळून टेप गुंडाळली आणि जुडगा पट्टीपासून दूर बांधला.

"जावा आता. थांबू नका."

हजराबी चपला न घालताच मागं चढून बसली. "मी येते संगट. त्यान्ला सरळ धरायला कुणी तरी पायजे."

वाटेत वनमालानं एका टँकरला घासूनच गाडी पुढं काढली, तेव्हा मागं आश्रुबांचे डोळे मिटलेले होते. बीडला पोचेपर्यंत त्यांची नखं निळी पडली होती. उशीर झाला म्हणून त्यांची मशीन दुसऱ्या पेशंटला दिली होती. वनमालानं हात जोडले, पदर पसरला. डॉक्टरांनी एकदा नखं बघितली आणि धावपळ सुरू झाली. ऑक्सिजन लागला, तातडीच्या पेशंटसाठी राखलेली मशीन मिळाली. "सकाळपर्यंत काही सांगता येत नाही," एवढंच डॉक्टर म्हणाले.

दुपार कलली. तोंडानं चाललेला श्वास हळूहळू नाकानं चालू लागला. आश्रुबांनी डोळे उघडले, सुनेला जवळ बोलावलं.

"वनमाला... त्या टँकरला घासून... कावून काढलीस गं गाडी?"

हजराबीनं हसू दाबायला ओढणी तोंडाशी धरली.

"घाई होती मामा," वनमाला म्हणाली, आणि भिंतीला धरत धरत खाली बसली.