सारिकाचं नाव

मेहकरजवळच्या माळावर एका संस्थेनं माजी सैनिकांसाठी बारा घरं बांधली. त्यातलं सातवं इंद्रभान आणि कलाबाईला मिळालं. मधल्या हॉलमध्ये रोज सकाळी व्यायाम असे आणि दर मंगळवारी बेबीताई नावाच्या समुपदेशक बैठक घेत. म्हातारे जवान तिथं गोल करून बसत आणि मनातलं बोलत.

कलाबाईनंच नवऱ्याच्या हातापाया पडून त्याला त्या बैठकीला पाठवलं होतं. पलटण सोडून आल्यापासून हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवायचा. पोरगा झाला, पोरगी नांदायला गेली, त्याची आई वारली, तरी त्याच्या तोंडून चार वाक्यं निघाली नाहीत.

बैठकीनं फरक पडला, पण तो आठव्या घरात. तिथं उत्तमराव राहायचे. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, बायकोही वारली होती. इंद्रभान सकाळी चहा घेऊन त्यांच्याकडे जायचा, त्यांच्या पायाला तेल चोळायचा आणि नऊ वाजेपर्यंत तिथंच रमायचा. भिंतीपलीकडून दोघांचं हसणं कलाबाईला ऐकू यायचं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. काय बोलणं झालं म्हणून विचारलं तर इंद्रभान म्हणायचा, "काही नाही, असंच."

तिनं चहा उशिरा ठेवून पाहिला. गुडघा दुखतो म्हणून त्याला बसवून पाहिलं. त्यानं तिच्या गुडघ्याला पाच मिनिटं तेल लावलं आणि तीच वाटी घेऊन तो आठव्या घरी गेला.

एकदा पोरगी, सारिका, चार दिवस राहून सासरी गेली. तिला निरोप द्यायला उत्तमराव कुबड्या टेकत फाटकापर्यंत आले होते. एसटी गेल्यावर ते कलाबाईला सहज म्हणाले, "पोरगी लय गुणाची आहे, वहिनी. त्या प्रेमच्या पोरीचं नाव इनं राखलं."

"कोण प्रेम?"

उत्तमराव गोंधळले. "इंद्रभानचा जोडीदार. बर्फाखाली गेला तो. त्याची पोरगी सारिका, त्यानं तिले पाह्यलंच नव्हतं. तुमाले ठाऊक असनच."

कलाबाई "हाव" म्हणाली आणि घरात आली. पोरीचं नाव तिला सुजाता ठेवायचं होतं. सीमेवरून पत्र आलं, 'नाव सारिका ठेवा', एवढंच. कोण असेल ही सारिका, या शंकेनं ती बाळंतपणात रडली होती. पुढं ती शंका तिनं मनातच गाडली. तीस वर्षं तिनं ज्याचा धसका घेतला, ते शेजाऱ्याला दोन मंगळवारांत समजलं होतं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी खामगावला कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर होतं. उत्तमरावांच्या सोबतीला इंद्रभान जाणार होता. बुधवारी इंद्रभान पोराकडे, धम्मदीपकडे, मेहकरला गेला असताना उत्तमराव दारात आले. शिबिर शुक्रवारी नसून उद्याच आहे आणि गाडी साडेसातला निघेल, एवढं इंद्रभानला सांगा, असं ते म्हणाले. तिनं मान डोलावली.

इंद्रभान संध्याकाळी आला. सकाळच्या पहिल्या एसटीनं बीबी गावाला बहिणीकडे जाऊन येतो म्हणाला. कलाबाईनं त्याला वाढलं आणि काही सांगितलं नाही.

सकाळी तो फोन घरीच विसरून गेला. सव्वासातला फोन वाजला. पडद्यावर उत्तमरावांचं नाव होतं. तिनं फोन उशीखाली सरकवला. खिडकीतून पाहिलं तर उत्तमराव इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून पायरीवर बसले होते. गाडी आली. चालकानं घाई केली, दुसरं कोणी सोबतीला देतो म्हणाला. उत्तमराव म्हणाले, इंद्रभान येतो म्हणजे येतोच. गाडीत आणखी तिघं होते. दहा मिनिटं थांबून ती निघाली. उत्तमराव मात्र ऊन पायरीवर येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

कलाबाईला आधी बरं वाटलं. मग तिला जेवण गेलं नाही.

दुपारी इंद्रभान आला आणि थेट शेजारी गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मीच विसरलो म्हणून सांगून आलो त्यायले," तो म्हणाला. "तू काऊन सांगतलं नाही?"

त्यानं आपल्याला पाठीशी घातलं, हे तिला जास्तच लागलं. "मले कोण सांगते काही?" ती म्हणाली. "माह्या पोटच्या पोरीचं नाव कुठून आलं, हे मले शेजाऱ्यानं सांगावं? मी काय मेली होती?"

इंद्रभान खाली बसला. मग म्हणाला, "तुह्यापुढं तोंड उघडलं असतं तर रडलो असतो. त्यायच्यापुढं रडाची लाज वाटत नाही."

"मंग मी कोणासाठी होती?"



तीच उठून आठव्या घरी गेली. चूक तुमच्या मित्राची नाही, माझी आहे, असं तिनं उत्तमरावांना तोंडावर सांगितलं. ते खूप वेळ कुबडीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले. पुढचं शिबिर तीन महिन्यांनी होतं. "तीन महिने निघतील," ते म्हणाले, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सोबतीला मी येईन, ती म्हणाली. 

संध्याकाळी ओसरीवर इंद्रभाननं आपणहून प्रेमचं सगळं सांगितलं. चौकी, बर्फ, खिशातला पोरीचा फोटो, दोन दिवसांनी सापडलेला हात. तो कुठं अडखळला नाही, कुठं थांबायचं ते त्याला माहीत होतं. कलाबाईच्या लक्षात आलं, हे सांगून सांगून गुळगुळीत झालेलं आहे. पहिल्यांदा सांगताना तो जिथं फुटला असेल, ती जागा आठव्या घरात राहिली होती, ती तिच्या वाट्याला आता येणार नव्हती. 

तरी ती उठली नाही. प्रेम दिसायला कसा होता, तिनं विचारलं. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो आठवू लागला, आणि पहिल्यांदाच त्याला शब्द सापडेनात.