काढून टाकलेली घरघर

"ताई, बाबांच्या श्वासात घरघर येतेय," ध्वनिमुद्रक हेडफोन काढत म्हणाला होता.

"ती नंतर काढून टाकता येते ना? मग चालू ठेव," ताई म्हणाली.

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माईक आहे. शेंगदाण्याएवढा माझा जीव. कारखान्यातून निघालो तो थेट एका स्टुडिओत आलो. किती वक्त्यांच्या कोटांवर मिरवलो! मग बिनवायरचे नवे माईक आले आणि माझी रवानगी खोक्याच्या तळाशी झाली.

तिथून मला ताईने उचललं. तिला आपल्या वडिलांवर माहितीपट करायचा होता. तिची मुलगी जेमतेम आठ महिन्यांची. मोठेपणी तिला आजोबा कळावेत, म्हणून ही सारी धडपड. ताई भारी काळजीखोर. बाळ झोपलं की दर पाच मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची.

बाबा प्लंबर. चाळीस वर्षं भिंतींना कान लावून त्यांनी गळती शोधली. "फोडाफोडीची घाई करायची नाही," ते सांगत. "आधी ऐकायचं. पाणी स्वतःच सांगतं कुठं आहे ते."

मी त्यांच्या सदऱ्यावर, छातीला अगदी लागून. प्रत्येक वाक्यानंतर आत काहीतरी बुडबुडल्यासारखं वाजायचं.

"बाबा, दम लागतोय का?" ताईने एकदा विचारलंही.

"जुनी पाइपलाइन आहे गं, थोडी वाजणारच! तू पुढचं विचार."

तिने पुढचं विचारलं.

रोज संध्याकाळी ती संगणकावर बसून घरघर, खोकला, मधले थांबे पुसून टाकी. बाबांचा आवाज दिवसेंदिवस तरुण होत गेला.

सातव्या दिवशी खुर्ची मांडली, दिवे लावले, मला तपासलं. बाबा आलेच नाहीत. जिन्यात टेकले होते, ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात पाणी साठत होतं. बरेच दिवस."

मी ते ऐकलं होतं, मित्रांनो. पण मला फक्त ऐकता येतं.

माहितीपट पाहून सगळे म्हणाले, "काय खणखणीत बोलतात!" ताई मात्र उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने पुसलेला एकेक श्वास मूळ मुद्रणातून शोधून पुन्हा जागच्या जागी लावला. मग मला स्वतःच्या कॉलरला अडकवलं. माहितीपटातले शेवटचे शब्द आता तिचे आहेत:

"तुमच्या घरी जिना चढताना कुणी मध्येच थांबतं का? हा माहितीपट राहू द्या. आधी जाऊन त्यांच्या शेजारी बसा, आणि काही न विचारता नुसतं ऐका."