दुसरी मूठ कोणाची?

मी एक जुनी करवत आहे. हे ऐकताच तुमच्यापैकी काहींनी बोटे मागे घेतली असतील, पण घाबरू नका. मी आता भिंतीवर दोन खिळ्यांच्या आधाराने निवांत पडलेली असते आणि माझे दाते जुन्या कापडात गुंडाळलेले असतात. शिवाय मी एकटी कोणाचे काही बिघडवू शकत नाही. सुतार एका हाताने चालवतो ती करवत वेगळी. माझी लांबी उंच माणसाहूनही जास्त आहे आणि मला दोन्ही टोकांना लाकडी मुठी आहेत. एक माणूस इकडे, एक तिकडे आणि मध्ये ओंडका. दोघे असल्याशिवाय माझे पान हलत नाही. मित्रांनो, पुढचे सगळे यामुळेच घडले.

माझा जन्म भट्टीत झाला. ज्याने मला घडवले तो लोहार तिरसट होता, पण त्याच्या हाताला जात्याच कसब होते. पोलादाची पट्टी तापवून, ठोकून, विझवून त्याने मला सरळ केले आणि मग एकेक दाता कानशीने कोरला. एक दाता किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे, अशी माझी रांग आहे. तुमचे दात असे असते तर आईने तुम्हाला केव्हाच डॉक्टरांकडे ओढत नेले असते. मला मात्र त्यांचा अभिमान आहे, कारण त्यांच्यामुळेच मी लाकडात अडकत नाही.

मला दोघा मित्रांनी मिळून विकत घेतले. दोघेही एका लाकडाच्या वखारीत ओंडके चिरण्याचे काम करत. एकाचे तोंड दिवसभर बंद होत नसे, म्हणून वखारीत त्याला सगळे पोपट म्हणत. दुसरा फावल्या वेळात कानस घेऊन माझे दाते घासत बसे, म्हणून त्याचे नाव कानश्या पडले. खरी नावे त्यांच्या बायकांनाच काय ती आठवत असतील.

दोघांनी कामे वाटून घेतली होती. गिऱ्हाईक शोधणे, बोलणे, ठरवणे हे पोपटाकडे. धार, तेल आणि दोरखंड कानश्याकडे. "अरे, तोंड देवाने मला दिलंय आणि हात तुला," पोपट म्हणायचा, "उगाच अदलाबदल नको." त्यामुळे कानश्या कामाबद्दल कधीच काही विचारत नसे. पोपट चल म्हणाला, की हा मला खांद्यावर टाकून निघे.

माझ्यासारखीला चालवायची एक रीत असते. दोघांनीही फक्त ओढायचे, ढकलायचे कोणीच नाही. ढकलले की मी वाकते. पलीकडचा ओढतो तेव्हा अलीकडच्याने हात सैल सोडायचा आणि आपली पाळी येईल याचा भरवसा धरायचा. नवशिक्यांना हे वर्षभर जमत नाही. या दोघांना ते असे जमले होते, की वखारीचे मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम आमचे काम बघायला घेऊन येत. "ही फळी बघा, दोरीने आखल्यासारखी!" असे ते म्हणाले, की भुशाने माखलेली असूनही मी मनातल्या मनात ताठ होई.

एकदा ढिगावरून एक ओंडका घरंगळला तो थेट कानश्याच्या अंगावर. पोपटाने मध्ये खांदा घातला. कानश्याचे दोन्ही पाय वाचले, पण पोपटाचा डावा हात त्यानंतर कधीच पुरता वर गेला नाही. त्याने त्याचा एका शब्दाने उच्चार केला नाही, आणि तोही पोपट असून! यावरून त्यांची दोस्ती कशी होती ते तुम्ही ओळखा.

मग एक दिवस वखारीत एक बडा फर्निचरवाला आला. त्याला टेबलासाठी जुन्या, गडद लाकडाची एकसंध रुंद फळी हवी होती. तसे लाकूड वखारीत नव्हते. मालकांनी हात वर केले, तेवढ्यात पोपट सगळ्यांसमोर बोलून बसला, "मी आणून देतो. माझा शब्द!"

दोन-तीन दिवसांनी सकाळी तो कानश्याला म्हणाला, "चल." आम्ही शहरातल्या मोठ्या बागेत गेलो. तिथे तळ्याकाठी एक जुने झाड होते. पोपटाने भोवती दोरी बांधली, दोरीला लाल फडके लावले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐटीत सांगू लागला, "बाजूने, बाजूने! झाड पोखरलंय, पडायच्या आत काढतोय." लोक बाजूने गेले. कोणी त्याचे आभारही मानले. भरदिवसा, दोरी बांधून, घाम गाळत कोणी चोरी करत असेल, असे कोणाच्या मनात येणार? मला मात्र पहिल्या काही फेऱ्यांतच कळले, की झाड आतून ठणठणीत आहे. ते कानश्यालाही हाताला जाणवले असावे. त्याने एकदा मान वर करून पोपटाकडे पाहिले. पोपट ओढत होता, म्हणून यानेही ओढले.

फळी सुरेख निघाली. वखारीत पोपटाची वाहवा झाली, माझीही झाली.

नंतर एका दुपारी वखारीच्या फाटकातून एक बाई आत आली. ती त्या बागेच्या माळ्याची बायको होती. तिला खोके बनवायला टाकाऊ फळ्या हव्या होत्या. कानश्या तिच्यासाठी फळ्या निवडू लागला आणि सहज म्हणाला, "घर बदलताय वाटतं?"

"बदलायला लावलंय," ती म्हणाली. "आम्ही नणंदेकडे गेलो होतो. मागे बागेतलं मोठं झाड कोणीतरी नेलं. साहेब म्हणतात, यांनीच विकलं आणि मुद्दाम रजा घेतली. नोकरी गेली, आता बागेतली खोलीही सोडायची." मग तिने एक फळी हातात घेऊन बघितली. "याहून लांब आहे का हो? गाद्या मावायला हव्यात."

कानश्याने तिला लांब फळ्या दिल्या, स्वतः बांधून दिल्या. ती गेल्यावर तो बराच वेळ कानस हातात घेऊन नुसता बसला होता. संध्याकाळी वखार रिकामी झाली तेव्हा त्याने पोपटाला गाठले.

"त्या झाडाची परवानगी होती ना रे?"

"आज हे कुठून काढलंस?"

"होती का?"

  पोपट म्हणाला, "म्हातारं झाड होतं. आज ना उद्या पडलंच असतं. सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, वखारभर नाचक्की झाली असती माझी."

"आणि तो माळी?"

"मिळेल त्याला दुसरीकडे काम. मेहनती माणूस आहे."

"चोर म्हणून काढलेल्या माळ्याला कोण ठेवून घेईल?"

"मग काय, मी जाऊ तुरुंगात? पोरीला काय सांगू? बाप लाकूडचोर आहे म्हणून?"

कानश्या म्हणाला, "आपण दोघं जाऊ. तू सांग, मी शेजारी उभा राहतो. मीही ओढलंच आहे की. पण तू नाही आलास, तर मी एकटा जाईन."

पोपटाने उजव्या हाताने डावा खांदा धरला. "हा कोणासाठी गेला ते विसरलास वाटतं."

"विसरलो असतो, तर तुला न सांगताच गेलो असतो," कानश्या म्हणाला.

घरी त्याच्या बायकोनेही आधी त्याला वेड्यात काढले. "अहो, भावजींचं नाव तुमच्या तोंडून निघेल तरी का? आणि वहिनींना मी कसं तोंड दाखवू?" मग थोड्या वेळाने तिने विचारले, "ती माळीण रडत होती का?"

"नाही. गाद्यांचं माप सांगत होती. रडली असती तर बरं झालं असतं."

 सकाळी बायकोने त्याचा धुतलेला सदरा काढून ठेवला.

कानश्या वखारीच्या फाटकाशी पोपटाची वाट पाहत थांबला. पोपट आला नाही. मग मला खांद्यावर घेऊन तो एकटाच बागेच्या कचेरीत गेला आणि कारकुनासमोर उभा राहून म्हणाला, "ते झाड माळ्याने विकलं नाही. मी कापलं. परवानगी आहे असं मला वाटलं होतं."

मित्रांनो, मला वाटले सुटलो. एवढ्याने काम भागेल आणि पोपटाचे नावही येणार नाही, असे बहुधा त्यालाही वाटले होते. पण कारकुनाने चष्मा वर करून मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळले. "हिला तर दोन मुठी आहेत. दुसरी मूठ कोणाची?" कानश्या गप्प. "परवानगी आहे असं सांगितलं कोणी?" कानश्या गप्पच. तेव्हा कारकून कागद पुढे ओढत म्हणाला, "सांगत नसाल तर मी लिहितो, माळ्यानेच सांगितलं."

मी कितीतरी ओंडके चिरले आहेत, आत गाठ लागली की मी कशी थरथरते ते मला ठाऊक आहे. तसा तो उभ्या जागी थरथरत होता. शेवटी त्याने पोपटाचे नाव सांगितले, खरे नाव.

पुढे चौकशी झाली. माळ्याला नोकरी परत मिळाली. कानश्याला अधिकाऱ्यांनी समज देऊन सोडले. पोपटाला काही महिन्यांची शिक्षा झाली. वखारीतले लोक कानश्याला चुगलखोर म्हणू लागले. "याने पोपटाला पिंजऱ्यात घातला," असे एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. कोणीही त्याच्या जोडीने ओंडका चिरायला तयार होईना, तेव्हा तो दुसरीकडे खोके ठोकायच्या कामाला लागला.

आणि मी? मी मुद्देमाल झाले! माझ्या मुठीला चिठ्ठी बांधून मला एका कोंदट खोलीत ठेवले. तिथे बेवारस सायकली होत्या, फुटके दिवे होते, एक गुणी शिलाई मशीनही होते. कोणी कोणाला तेल दिले नाही. माझ्या दात्यांवर तांबडा गंज चढला. वाहवा ऐकायला सोकावलेल्या माझ्यासारखीला ते फार जड गेले, हे कबूल करते.

खटला संपल्यावर कानश्या मला घरी घेऊन आला. मला चालवायला माणूस नव्हता, तरी तो रोज अंगणात बसून गंज काढू लागला. असाच तो बसला असताना एक दिवस पोपट दारात येऊन उभा राहिला. वाळला होता.

"तो कारकून साक्षीला आला होता," पोपट म्हणाला. "मला वाटायचं, तू गेलास आणि धडाधडा बोलून मोकळा झालास. तो म्हणाला, माझं नाव तुझ्या तोंडून निघेपर्यंत त्याचा चहा पार गार झाला."

कानश्याची कानस थांबली. त्याने बाकावर जागा करून दिली आणि पोपट बसला. जाताना पोपट म्हणाला, "मी असतो तर नाव घेतलं असतं का, माहीत नाही," आणि डोळे पुसत निघून गेला. आता तो अधूनमधून येतो. माझी दुसरी मूठ त्याने अजून धरलेली नाही. त्याची मुलगी तर कानश्याला पाहिले की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. ती लहान होती तेव्हा याच काकाच्या खांद्यावर बसून वखारीत येई.

मित्रांनो, कानश्याने केले ते योग्यच केले, असे माझे मत आहे. पण त्याची किंमतही मी रोज पाहते. म्हणून माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. मित्र चल म्हणाला तर जरूर जा, पण निघण्याआधी कुठे आणि कशाला, एवढे विचारा. त्याचा चेहरा पडला, तो रागावला, तरी विचारा. मित्राला जपायची वेळ तीच असते, नंतर फक्त त्याचे नाव सांगायचे की नाही एवढेच उरते. माझे दाते घासताना कानश्या मध्येच थांबतो आणि समोरच्या रिकाम्या मुठीकडे बघत राहतो. झाड कापताना त्याने एकदा मान वर केली होती, तेव्हाच का बोललो नाही, हाच विचार त्याच्या मनात असतो.