आजीचं एक्स्चेंज

थंडीनं त्या आठवड्यात नुसता उच्छाद मांडला होता. नळ गोठले, शाळा बंद झाल्या आणि आजीच्या दोन्ही नाती घरात कोंडून पडल्या. आता दोन पोरींना चार भिंतींत दिवसभर रमवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण आजी हिमतीची. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून तिनं तंबू केला. बटणांचा डबा जमिनीवर ओतला आणि दोघींना रंगांप्रमाणे ढीग लावायला बसवलं. दिव्यापुढे हात धरून भिंतीवर ससा काढला, कुत्रा काढला, दाढी करून घेणारा एक म्हातारासुद्धा काढून दाखवला. दुपारपर्यंत सगळं संपलं आणि धाकटीनं ओठ काढला, "आता काय?"

धाकटीला सगळे गोटी म्हणायचे. वय पाच, अंगानं गोल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. थोरली ताई नऊ वर्षांची, आणि हल्ली गप्प गप्प. कारण ताईला ठाऊक होतं आणि गोटीला नव्हतं. पोरींची आई, म्हणजे आजीची सून, गेल्या महिन्यात दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. गोटी तेव्हा तापानं फणफणली होती, म्हणून तिला शेजारणीकडे ठेवलं होतं. पुढे तिला सांगायची वेळ आली तेव्हा आजीच्या मुलाचा धीरच सुटला. "आई दवाखान्यात आहे, तिथे मुलांना सोडत नाहीत, फोनही चालत नाही," असं सांगून तो मोकळा झाला. "थंडी सरू दे, मग मी सांगतो," असं आजीला म्हणाला आणि ताईला बजावलं, "तिच्यासमोर रडायचं नाही हं." आजीला हे मुळीच पटलं नव्हतं. पण नुकतीच बायको गेलेल्या पोराला बोलायचं तरी काय?

तर "आता काय?" म्हटल्यावर आजीनं बुटांचं खोकं शोधून आणलं.

आजीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याची वायर त्याच्या भोकात खुपसायची. पुढे यंत्रं आली आणि बोर्ड भंगारात गेला. तसाच बोर्ड आजीनं खोक्याच्या झाकणावर केला. पेन्सिलीनं भोकं पाडली, लोकरीच्या वायरी केल्या, कागदी पेल्यांचे फोन केले. एक भोक बेकरीचं, एक डॉक्टरांचं, एक स्टेशनचं.

"म्हणजे दोघांच्या मध्ये तू बसायचीस?" गोटीनं डोळे विस्फारले. "सगळ्यांचं चोरून ऐकायचीस?"

"छे गं! ऐकलं की नोकरी गेलीच. आपण जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा."

"आणि नाही लागला तर?"

"तर म्हणायचं, लाइन एंगेज आहे. म्हणजे ते दुसऱ्या कोणाशी तरी बोलतायत."

हे पोरींना इतकं आवडलं की विचारू नका. बेकरी एंगेज, डॉक्टर एंगेज, स्टेशनमास्तर तर सदाचा एंगेज. कितीतरी दिवसांनी ताई खुदकन हसली. आजीला वाटलं, चला, आजचा दिवस पार पडला.

तेवढ्यात गोटीनं पेला कानाला लावला. "हॅलो, ऑपरेटर? मला माझ्या आईचा नंबर जोडून द्या."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. आजीच्या हातात लोकरीचा धागा तसाच राहिला. एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी साहेबानं तिच्या डोक्यात एक नियम भरवला होता: गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवा, पण "नाही" म्हणून तोडू नका. उभी हयात तेच बोलण्यात गेली होती. जीभ आपली आपणच वळली.

"लाइन एंगेज आहे. थोड्या वेळानं प्रयत्न करा."

"बरं," गोटी म्हणाली आणि खोक्याशेजारी मांडी ठोकून बसली.

ती काही केल्या उठेना. "अगं, खेळ होता तो, चल जेवायला," असं आजीनं म्हणून पाहिलं. "बाबा म्हणाले दवाखान्यात फोन चालत नाही. पण तुझ्या बोर्डावरून लागेल ना? तू खरी ऑपरेटर आहेस," गोटीनं ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दर थोड्या वेळानं पेला कानाला, "आता लागला?" आजी कधी मान हलवी, कधी स्वयंपाकघरात पळ काढी. खरं बोलायला तोंड उघडत नव्हतं आणि खोटं गिळवत नव्हतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. गोटीचा उतरलेला चेहरा पाहून त्यानं आणखी एक खोटं रेटलं. "आईनं तुझी आठवण काढली हं."

"खोटं!" गोटी ओरडली. "ती वाईट आहे. मला नकोच ती!" तिनं पेला पायाखाली चिरडला आणि टेबलाखालच्या तंबूत जाऊन बसली.

आजी उठली. "पुरे झालं. आत्ताच्या आत्ता सांगायचं."

"आई, थंडी तरी..."

"थंडी गेली खड्ड्यात! ते पोर आईला मुकलंय ते मुकलंय, आता तिचा रागराग करायला लागलंय."

मुलानं तोंड फिरवलं. मग आजीच, गुडघे कुरकुरत असताना, ओणवी होऊन तंबूत शिरली. गोटी पाठमोरी बसली होती.

"गोटे, आजी खोटं बोलली. लाइन एंगेज नव्हती." आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी आई वारली गं. मेली, बाळा. दवाखान्यातच. ती आता येणार नाही आणि तिला फोनही लागणार नाही. कधीच."

गोटी वळली.

"मग ती दुसऱ्या कोणाशी बोलत नव्हती?"

आजीला आधी कळेना. मग उमगलं. म्हणजे हे एवढंसं पोर दोन दिवस असं समजत होतं, की आई सगळ्या जगाशी बोलते आणि आपल्याशी तेवढं बोलत नाही.

"नाही गं राणी. कोणाशीच नाही. बोलता आलं असतं, तर आधी तुझ्याशीच बोलली असती."

"मी तिला वाईट म्हटलं," गोटी म्हणाली आणि आजीच्या मांडीत डोकं खुपसून हमसाहमशी रडायला लागली. आजीनं तिला उगी केलं नाही, रडू दिलं.

बाहेर ताई टेबलाचा पाय धरून उभी होती. तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं.

"बाबा, आता मी पण रडू?"

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, आणि तिच्या आधी त्यालाच रडू फुटलं.