माकुळीच्या आत कोणी नाही

मी माकूळ बोलतेय. समुद्रातली नव्हे, स्पंजाची, मळकट पांढऱ्या कापडाची, दहा पायांची, माणसाने आत शिरून नाचवायची. आमच्या बंदरातली मासळी खपावी म्हणून सहकारी संस्थेने मला शिवून घेतलं. शिवणाऱ्या किनुए आजींनी माझे डोळे जरा जास्तच मोठे केले, त्यामुळे मी जन्मापासून दचकल्यासारखी दिसते.

माझ्यासारख्यांचा एक नियम जपानात लहान पोरंही पाळतात. आत माणूस आहे असं म्हणायचं नाही. आतल्याने बोलायचं नाही, चारचौघांत डोकं काढायचं नाही.

माझ्या आत शिरायचं काम तादाओमीचं. तो मासळी वाळवायच्या कारखान्यात होता, डावा पाय किंचित ओढत चालायचा. एरवी मान वर करत नसे; माझ्या आत आला की नाचायचा. जत्रेत हिसानोबू न्हावी समोरून गेला की आतलं काळीज कसं धडधडायचं, ते फक्त मला ठाऊक.

मग चिहाया नावाची तरुण दिग्दर्शिका तोक्योहून आली. तिच्या सिनेमात एक माकूळ दीपगृहाच्या रखवालदाराला जीव लावते. दोघं भांडतात, छत्री विकत घ्यायला जातात, आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. शेवटी माकूळ डोकं उतरवते. आत एक पुरुष असतो. रखवालदार एवढंच म्हणतो, "चल, जेवण गार होतंय."

माकूळ मीच. रखवालदार झाला हिसानोबू.

"शेवटचं दृश्य जमेल ना, तादाओमी-सान?" चिहायाने विचारलं.

"माकुळीच्या आत कोणी नसतं," तो आतून म्हणाला.

शेवटच्या दृश्याच्या दुपारी धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. हिसानोबू माझ्या डोळ्याशी वाकून पुटपुटला, "अरे, सिनेमाच आहे. उद्या म्हणता येईल, सगळं खोटं होतं." जरा थांबून म्हणाला, "मी मात्र तसं म्हणणार नाही."

तादाओमीचे हात माझ्या मानेच्या चेनपर्यंत गेले आणि तिथेच राहिले. सात वेळा कॅमेरा फिरला. मग ढग आले.

सिनेमा माझ्या डोक्यासकटच संपला. हिसानोबूने आपलं वाक्य माझ्या प्लास्टिकच्या डोळ्यांना ऐकवलं. शेवटच्या नावांच्या यादीत, तादाओमीच्या हट्टामुळे, लिहिलं होतं: 'माकूळ – स्वतः माकूळ'. सभागृह हसलं. हिसानोबू हसला नाही. वसंतात त्याने दुकान बंद केलं आणि तो ओसाकाला निघून गेला. जाण्याआधी त्याने तादाओमीचे केस कापले.

त्याला नऊ वर्षं झाली. माझं अस्तर कुजलं, चार पाय गळाले. संस्थेने नवी, हवा भरायची माकूळ आणली. उद्या देवळाच्या अंगणात जुन्या बाहुल्यांबरोबर, आमच्याकडच्या रीतीने आभार मानून, मला जाळणार आहेत. त्यानिमित्त रविवारी तो सिनेमा पुन्हा दाखवला. अकरा माणसं आली होती. मला कोपऱ्यात ठेवलं होतं.

नावांची यादी आली तसा तादाओमी उभा राहिला.

"आत मी होतो," तो म्हणाला. "आणि माझ्यासाठी त्यातलं काही खोटं नव्हतं."

मग किनुए आजी म्हणाल्या, "बस खाली. माहीत आहे आम्हाला. डावा पाय ओढणारी माकूळ कोणी पाहिली आहे का?"

दोघंतिघं हळूच हसले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत कोणी?"

आजींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "नियम होता ना."

तादाओमी खाली बसला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

माझं काय, उद्या धूर होऊन जाईन. पण तुमच्याही गावात कोणीतरी कशाच्या तरी आत शिरून नाचत असेल, आणि त्याची चाल तुम्ही ओळखली असेल. त्याला नावाने हाक मारा. न्हावी अजून गावात आहे तोवर मारा.