माझ्या पाठीवरचा प्रीमिअर

मित्रांनो, जागतिक सिनेमाच्या इतिहासात एका जुन्या फळ्याचंही स्थान आहे. तो फळा मी. सध्या ते स्थान दर्यापूरजवळच्या एका गावात, सोयाबीनच्या पोत्यांमागे आहे.

माझा जन्म अकोल्यातल्या एका सुताराकडे झाला. चौकट सागाची, अंग प्लायवूडचं. दर्यापूरच्या एका शिकवणी वर्गात मी बारा वर्षं उभा होतो. एकदा बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात 'फळा छान आहे' असं म्हटलं. शिकवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढे सरांनी माझ्या पाठीला पांढरा रंग दिला. तिथे 'प्रवेश सुरू आहेत' असं लिहायचं होतं. रंग वाळेपर्यंत क्लास बंद पडला. मग सरांच्या भाचीनं, वर्षालीनं, मला गावी आणलं.

वर्षालीनं चौदा मिनिटांची फिल्म केली होती. गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते, म्हणून लेकीशी बोलायला रोज टाकी चढणाऱ्या म्हातारीची. म्हातारीचं काम शेजारच्या पंचफुलाबाईंनी केलं. त्या नऊ वेळा टाकी चढल्या, कारण आठ वेळा वर पोचल्यावर कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या.

ही फिल्म परदेशातल्या एखाद्या मोठ्या महोत्सवात लागावी, एवढंच वर्षालीला हवं होतं. त्यासाठी तिचा कॅमेरामन सुगत दर रविवारी अकोल्याहून यायचा आणि माझ्यावर योजना मांडायचा. सगळ्यात वर परदेशातले चार मोठे महोत्सव, मध्ये देशातले सहा, तळाशी नागपूरचा एक दिवसाचा छोटा महोत्सव. प्रत्येकापुढे शेवटची तारीख. वरून खाली उतरता येतं, खालून वर चढता येत नाही, असं तो सांगायचा. वरच्या चौघांची एकच अट होती. फिल्म आधी कुठेही जाहीर दाखवलेली नसावी, जगातला पहिला खेळ त्यांच्याकडेच व्हावा. म्हणून सुगतनं ओल्या खडूनं चौकटीत लिहिलं, 'तोवर कुठेही दाखवायची नाही.' ओल्या खडूचं अक्षर सहसा पुसत नाही. शिकवणीच्या बारा वर्षांत माझ्यावर इतका सुबक अभ्यास झाला नव्हता.

पंचफुलाबाईंना ही अट कळली तेव्हा शेतात कापूस फुटला होता. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत. त्या माझ्यासमोर उभ्या राहून वर्षालीला म्हणाल्या, "सीतादही केल्याबिगर कापूस घरी नेते का कोनी? मंग गावाले न दाखवता पिच्चर बाहीर कसं धाडतं व तू? टाकी कोनाची? गुडघे कोनाचे?"

वर्षालीनं भाड्यानं प्रोजेक्टर मागवला. गुडघे खरोखरच पंचफुलाबाईंचे होते.

त्याच आठवड्यात दिवेलागणीला चौकात चादर बांधली गेली. वाऱ्यानं ती हलली की पंचफुलाबाईंचं नाक पोटापर्यंत यायचं. तेव्हा कुणीतरी मला उचलून आणलं आणि पलटवलं. अशा रीतीनं सगळी योजना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पाठीवर फिल्म सुरू झाली. तीनशे माणसं होती. टाकीवर हसणाऱ्या पंचफुलाबाईंचे आठ प्रसंग कापलेले पाहून लोकांनी तक्रार केली. मी मात्र त्या संध्याकाळी फार सुखात होतो. माझ्याकडे बघत इतके लोक कधी जागे राहिले नव्हते.

रविवारी सुगत आला. मी अजून उलटाच होतो. त्याला सगळं कळलं. वर्षाली परदेशी महोत्सवाचा अर्ज भरत होती. त्यात प्रश्न होता, फिल्म याआधी दाखवली आहे का?

"नाही लिही," सुगत म्हणाला. "खेड्यातलं कोन मोजते?"

"तीनशे लोकं होते, सुगतदादा. मी तं मोजले ना."

तिनं 'हो' लिहिलं. कुठे, या रकान्यात गावाचं नाव लिहिलं. मग सुगतनं स्वतः ओल्या फडक्यानं वरची रांग पुसली. मधल्या सहा जणांनी फिल्म आवडल्याचं आणि निवड न झाल्याचं एकाच पत्रात कळवलं. नागपूरवाल्यांनी निवडली. वर्षाली त्या दिवशी पेढे घेऊन आली. एक माझ्या चौकटीवर ठेवला, तो मुंग्यांनी नेला.

तर मित्रांनो, फळा वापरून झाला की पुसून ठेवा, पावसात उभा करू नका आणि त्याची मागची बाजूही कधी पाहा. तिथे काय होईल, ते पुढच्या बाजूला लिहिलेलं नसतं.

नागपूरच्या महोत्सवात फिल्मला एकोणीस प्रेक्षक होते. त्यातले सोळा आमच्या गावाहून दोन काळीपिवळ्या जीप करून गेले होते.